हजार वर्षे आणि सहा वर्षे

१९ एप्रिल २०१३ रोजी वॉर्सामध्ये एका संग्रहालयाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याच्या मुख्य दालनांत प्रदर्शन लागलेलेच नव्हते. इमारत तयार होती, सभागृह होते, वर्गखोल्या होत्या. पण ज्यासाठी वीस वर्षांचा खटाटोप झाला होता, ते पोलिश ज्यूंच्या हजार वर्षांच्या इतिहासाचे कायमचे प्रदर्शन खुले व्हायला अजून दीड वर्ष होते. तोवर दरवाजे बंद ठेवता आले असते. संग्रहालयाने ते केले नाही. व्याख्याने, मैफली, चित्रपट, शाळकरी मुलांच्या कार्यशाळा, छोटी प्रदर्शने सुरू झाली आणि माणसे त्या रिकाम्या इमारतीत येऊ लागली. त्याही आधी, बांधकाम सुरू होण्यापूर्वी, त्या जागेवर तंबू ठोकून कार्यक्रम होत असत. आज ‘पोलिन’ या नावाने जगभर ओळखले जाणारे हे संग्रहालय आधी लोकांनी जमण्याची जागा झाले आणि नंतर पाहण्याची.

हा क्रम लक्षात घेतला की त्याच्या प्रदर्शनांकडे आणि जाहीर कार्यक्रमांकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. एखाद्या संग्रहालयाचे नाव घेतले की तिथल्या वस्तू आठवतात. पोलिनपाशी सुरुवातीला मिरवण्याजोगा संग्रहच नव्हता. ज्यांचा इतिहास सांगायचा होता त्यांची घरे, ग्रंथ, सिनेगॉग, दुकाने एकतर नष्ट झाली होती किंवा दुसऱ्यांच्या हाती गेली होती. युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते. त्यांतले सुमारे ३० लाख मारले गेले. वारस नाहीत, वस्तू नाहीत, आणि भोवती राहणाऱ्या बहुतेकांना आपल्या गल्लीत आधी कोण राहत होते याचा पत्ता नाही, अशा ठिकाणी इतिहास सांगायचा तर तो लोकांना सोबत घेऊनच सांगावा लागतो. म्हणून इथले कार्यक्रम हे मुख्य कामाला जोडलेले शेपूट नाही, तेच मुख्य काम आहे. या संकलनाची पुढील पाने वाचताना वाचकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

जागा समजली नाही तर हे संग्रहालयही समजत नाही. ते जिथे उभे आहे तो मुरानुव हा वॉर्साचा भाग युद्धापूर्वी दाट ज्यू वस्तीचा होता. त्या काळी शहरातला जवळजवळ दर तिसरा माणूस ज्यू होता, आणि त्यांतले कितीतरी याच भागात राहत. छापखाने, शिंप्यांची दुकाने, प्रार्थनाघरे, राजकीय पक्षांच्या कचेऱ्या, यिडिश वर्तमानपत्रे असा तिथला गजबजाट होता. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी हा भाग भिंत घालून बंद केला आणि त्या घेट्टोत चार लाखांहून अधिक माणसे कोंडली. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांतल्या बहुतेकांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारण्यात आले. १९ एप्रिल १९४३ रोजी उरलेल्यांनी उठाव केला. तो मोडून काढताना आणि नंतरही जर्मनांनी घर न् घर जाळले, सुरुंग लावले, सारा भाग सपाट केला. युद्ध संपल्यावर ढिगारा इतका होता की तो उपसून नेणे शक्यच नव्हते. बोहदान लाखेर्ट या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार नवी घरे त्या ढिगाऱ्यावरच बांधली गेली, आणि तीही त्याच विटांच्या चुऱ्यापासून घडवलेल्या ठोकळ्यांनी. आजही मुरानुवमध्ये काही इमारती रस्त्यापासून पुरुषभर उंचवट्यावर दिसतात. दारापर्यंत जायला पायऱ्या चढाव्या लागतात. त्या पायऱ्यांच्या खाली आधीचे मुरानुव आहे.

पोलिनने २०२० साली याच वस्तीवर प्रदर्शन भरवले. त्याचा विषय होता त्या घरांत आज राहणारी माणसे, ती कशावर राहतात याची त्यांना असलेली किंवा नसलेली जाणीव, आणि जमिनीखाली उरलेले शहर. शेजाऱ्यांनाच प्रदर्शनाचा विषय करणे हे धाडसाचे काम. आपल्या घराच्या पायाबद्दल कोणी बाहेरच्याने बोललेले सहसा कोणाला आवडत नाही.

संग्रहालयासमोरच्या चौकात नाथन रापोपोर्ट यांनी घडवलेले घेट्टोवीरांचे स्मारक आहे. १९ एप्रिल १९४८ रोजी, भोवती नुसता ढिगारा असताना, त्याचे अनावरण झाले. त्यासाठी वापरलेला दगड नाझींनी आपल्या विजयस्मारकांसाठी स्वीडनमधून मागवलेला होता. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर विली ब्रांट याच स्मारकापुढे गुडघे टेकून बसले, आणि ते छायाचित्र जगभर गेले. फिनलंडच्या रायनर माहलामाकी यांनी संग्रहालयाचा आराखडा करताना या स्मारकाचा मान राखला. बाहेरून इमारत काचेची, साधी, चौकोनी. आत शिरल्यावर मात्र वाळूच्या रंगाच्या दोन उंच वळणदार भिंती दुभंगून मधून वाट देतात. समुद्र दुभंगून इस्रायलचे लोक पार झाले, या बायबलमधल्या प्रसंगाशी तिचे नाते जोडले जाते. स्मारक मृतांची आठवण करते आणि समोरची इमारत ते कसे जगले हे सांगते, अशी ही वाटणी आहे. ठरवून केलेली.

ही वाटणी मांडणीत उतरवण्याचे श्रेय बार्बरा किर्शेनब्लाट-गिम्ब्लेट यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म टोरंटोचा, आईवडील पोलंडमधून गेलेले. लोकसंस्कृतीच्या अभ्यासक म्हणून त्यांनी नाव कमावले आणि नंतर कायमच्या प्रदर्शनाची धुरा घेतली. शंभराहून अधिक अभ्यासकांना सोबत घेऊन त्यांनी एक नियम ठरवला: प्रत्येक दालनात त्या त्या काळातली माणसेच बोलतील. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हते, तेव्हा निवेदनानेही ते ठाऊक असल्यासारखे वागायचे नाही. दहाव्या शतकातला प्रवासी इब्राहिम इब्न याकूब पाहुण्याला वाट दाखवतो, १२६४ साली कालिशमध्ये ज्यूंना दिलेल्या संरक्षणाच्या सनदेची गोष्ट येते, हिब्रू अक्षरे असलेली पातळ चांदीची नाणी दिसतात. मग बाजारपेठेची गावे, छापखाने, रेल्वे, कापडगिरण्या, राजकारण, दोन महायुद्धांमधला रस्ता. आठ दालनांपैकी एक नरसंहाराचे. त्याच्या आधी सहा दालने आहेत आणि त्याच्यानंतरही एक आहे.

यावर टीका झाली, आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. काही पोलिश अभ्यासकांचे म्हणणे असे की हजार वर्षांच्या सहजीवनावर एवढा भर दिला की पोलिश समाजातला ज्यूद्वेष मागच्या बाकावर जातो, आणि पोलिश यजमान आणि ज्यू पाहुणे ही जुनी कल्पना नव्या झगमगाटात परत येते. हा आक्षेप कायमच्या प्रदर्शनापुरता पाहिला तर त्यात तथ्य आहे. पण हजार वर्षे एका फेरफटक्यात सांगायची म्हटल्यावर कडेला राहून जाणारे बरेच काही असते. ते मध्यभागी आणण्याचे काम तात्पुरत्या प्रदर्शनांनी केले, आणि त्याची किंमतही संग्रहालयाने मोजली. ती हकीकत पुढे येईलच.

आधी एका छताची गोष्ट. अठराव्या शतकाच्या दालनात मान वर केली की रंगांनी भरलेले लाकडी छत दिसते: राशीचक्राच्या बारा आकृत्या, वेली, फुले, पशुपक्षी आणि मध्येमध्ये हिब्रू अक्षरे. हे आज युक्रेनमध्ये असलेल्या ग्वोझ्जेट्स गावातल्या सतराव्या शतकातल्या सिनेगॉगचे छत. मूळ सिनेगॉग आज उरलेला नाही. पोलंड-लिथुआनियाच्या जुन्या राज्यात असे लाकडी सिनेगॉग गावोगावी होते; युद्धानंतर त्या भव्य वास्तूंपैकी एकही धडपणे उरली नाही. उरले ते युद्धापूर्वी वॉर्साच्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून केलेली मोजमापे, काही छायाचित्रे आणि इझिडोर काउफमान या चित्रकाराने केलेले थोडे रंगीत अभ्यास. काझिमिएझ आणि मारिया पिएखोत्का या दांपत्याने वाचलेले नकाशे गोळा करून १९५७ साली ग्रंथ काढला. छत पुन्हा उभे राहिले ते या कागदांच्या जोरावर.

उभे राहिले कसे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या हँड्सहाउस स्टुडिओने ठरवले की यंत्राने प्रतिकृती करायची नाही. जुन्या हत्यारांनी, जुन्या पद्धतीने बांधायची. २०११ च्या उन्हाळ्यात सानोकच्या खुल्या लोकसंग्रहालयात विद्यार्थी आणि कारागीर जमले. झाडांचे ओंडके कुऱ्हाडीने तासून चौकोनी केले, मोठ्या करवतीने फळ्या पाडल्या, सांधे छिन्नीने कोरून एकमेकांत बसवले. मग फळ्या रंगवायला पोलंडमधल्या निरनिराळ्या शहरांत मांडव पडले. बरीचशी जागा म्हणजे उभे असलेले, पण प्रार्थना करणारे कोणी न उरलेले जुने विटांचे सिनेगॉग. तिथे सशाच्या कातड्याचा सरस कोमट पाण्यात विरघळवायचा, त्यात खडू आणि रंगद्रव्ये घोटायची, आणि काळ्यापांढऱ्या छायाचित्रात जी रेघ दिसते तिचा मूळ रंग कोणता असेल यावर दिवसभर वाद घालायचा. एखादा हिरवा चुकला की पूर्ण फळी पुन्हा. कामावर तीनशेहून अधिक माणसे होती, आणि त्यांतली कितीतरी तरुण पोलिश मुलेमुली, जी ज्यू नव्हती. दार उघडे असे. गावातली म्हातारी माणसे आत डोकावत, उभी राहत, कोणी कोणी आठवणी सांगत. मूळच्या ८५ टक्के आकाराचे ते छत नंतर संग्रहालयात चढवले गेले.

कडक संग्रहालयशास्त्र म्हणेल की ही नक्कल आहे, अस्सल वस्तू नाही. ते खरेही आहे. पण त्या फळ्यांवर ज्यांचे हात फिरले, त्यांना सतराव्या शतकातल्या सुताराच्या खांद्यात काय दुखत असेल ते कळले. ज्ञान अशा रीतीने शरीरात उतरवणे हे काचेच्या कपाटाला जमत नाही. या छतासाठी भरलेली कार्यशाळा हे पोलिनचे सर्वांत मोलाचे जाहीर काम, असे या प्रस्तावनेचे मत आहे.

पिएखोत्कांच्या त्याच ग्रंथाची एक प्रत अमेरिकन चित्रकार फ्रँक स्टेला यांच्या हाती पडली होती. नष्ट झालेल्या सिनेगॉगच्या तुळया, कोन आणि सांधे पाहून त्यांनी १९७० च्या दशकात लाकूड, पुठ्ठा आणि फेल्ट वापरून मोठमोठी अमूर्त शिल्पचित्रे केली आणि त्यांना त्या त्या गावांची नावे दिली. २०१६ साली पोलिनने ती जुन्या रेखांकनांशेजारी लावली. विद्यार्थ्यांची मोजपट्टी, दोन वास्तुतज्ज्ञांचा ग्रंथ, न्यूयॉर्कमधला चित्रकार, आणि खालच्या मजल्यावर रंगवलेले छत, असे चार टप्पे पाहुण्याला एकाच इमारतीत सापडले. त्याच वर्षी युरोपातल्या सर्वोत्कृष्ट संग्रहालयाचा पुरस्कारही पोलिनला मिळाला.

पहिल्या काही प्रदर्शनांपैकी एकाचा उल्लेख केलाच पाहिजे. १९२० आणि ३० च्या दशकांत अमेरिकेत स्थायिक झालेले ज्यू आपल्या पोलंडमधल्या मूळ गावी भेट द्यायला येत, तेव्हा सोबत कॅमेरा आणत. कॅमेऱ्यापुढे हसणारी, लाजणारी, एकमेकांना ढकलणारी मुले, बाजारातल्या बायका, दाढीवाले आजोबा असे ते घरगुती चित्रीकरण. हंगेरीचे पेटर फोर्गाच यांनी त्यातून चित्रमालिका रचली आणि क्लेझमॅटिक्स या वाद्यवृंदाने तिला संगीत दिले. रिकाम्या इमारतीत लागलेले हे प्रदर्शन पाहताना प्रेक्षकाला त्या मुलांचे पुढचे भविष्य ठाऊक असते आणि मुलांना नसते. पुढे कायमच्या दालनांनी जो नियम पाळला, त्याची ही पहिली ओळख.

आणि मग १९६८.

पोलंडच्या समाजवादी राजवटीत मार्च १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. सत्ताधाऱ्यांनी त्यांचे खापर ‘झिओनिस्टां’वर फोडले. वर्तमानपत्रे, सभा, कारखान्यांतले फलक, सगळीकडे एकच सूर. नरसंहारातून वाचलेली, पोलिश हीच भाषा मानणारी, कित्येकदा आपण ज्यू आहोत याचा फारसा विचारही न केलेली माणसे नोकरीवरून काढली गेली, विद्यापीठातून हाकलली गेली. पुढच्या दोन-तीन वर्षांत सुमारे १३,००० जणांनी देश सोडला. जाताना नागरिकत्व सोडावे लागे. हाती येई तो प्रवासाचा एक कागद, ज्यावर लिहिलेले असे की धारक पोलंडचा नागरिक नाही. निरोप वॉर्साच्या ग्दान्स्का स्थानकावर होई. स्थानकही मुरानुवपासून फार दूर नाही.

पन्नास वर्षांनी, मार्च २०१८ मध्ये, पोलिनने ‘घरात परके’ अशा अर्थाच्या नावाने यावर प्रदर्शन उघडले. वेळ नाजूक होती. काही आठवड्यांपूर्वीच पोलंडच्या संसदेने एक कायदा संमत केला होता: नाझी गुन्ह्यांत पोलिश राष्ट्राचा वाटा होता असे म्हणणे शिक्षेस पात्र. इस्रायलशी आणि अमेरिकेशी त्यावरून मोठा वाद झाला. शिक्षेचे कलम त्याच वर्षी जूनमध्ये मागे घेतले गेले. प्रदर्शनात निघून गेलेल्यांची पत्रे, छायाचित्रे, सामानाच्या याद्या होत्या. तिथपर्यंत कोणाची हरकत नव्हती. पण एका भिंतीवर १९६८ च्या प्रचारातली वाक्ये आणि त्यांच्या जोडीला अलीकडे समाजमाध्यमांवर आणि जाहीरपणे लिहिली गेलेली वाक्ये मांडली होती. लिहिणाऱ्यांची नावे नव्हती. वाचणाऱ्याला मात्र जुने कोणते आणि नवे कोणते हे ओळखताना अडखळायला होई.

संग्रहालयाला राजकारणात ओढल्याचा आरोप झाला. सत्तापक्षाच्या जवळच्या लोकांनी टीका केली. लोकांनी मात्र गर्दी केली. सहा महिन्यांत एक लाखाहून अधिक माणसे ते प्रदर्शन पाहून गेली. संचालक दारिउश स्तोला हे स्वतः त्या काळाचे इतिहासकार. १९६८ वर त्यांचा ग्रंथ आहे. २०१९ मध्ये त्यांची मुदत संपली. नव्या निवडीसाठी रीतसर स्पर्धा झाली आणि ती स्तोला यांनीच जिंकली. सांस्कृतिक मंत्र्यांनी नेमणुकीवर सहीच केली नाही. अनेक महिने हे लटकत राहिले. अखेर २०२० मध्ये स्तोला यांनी माघार घेतली आणि त्यांचे सहकारी झिग्मुंट स्तेंपिन्स्की संचालक झाले.

या संग्रहालयाचा कारभार मुळातच तीन संस्थांच्या भागीदारीतला: पोलंडचे सांस्कृतिक मंत्रालय, वॉर्साची नगरपालिका आणि ज्यू इतिहास संस्थेची संघटना. मंत्रालय आणि नगरपालिका यांच्या पैशातून इमारत, संघटनेने गोळा केलेल्या देणग्यांतून कायमचे प्रदर्शन, अशी सुरुवातीची वाटणी. तीन भागीदार असल्यामुळेच एकट्या मंत्र्याला आपला माणूस परस्पर बसवता आला नाही, आणि तीन भागीदार असल्यामुळेच तिढा इतका लांबला. ज्यांना अशी संस्था उभारायची आहे, त्यांनी या करारातली कलमे बारकाईने वाचावीत. प्रदर्शनाचे धैर्य अखेर अशा कलमांवर उभे राहते.

२०२३ साली उठावाला ८० वर्षे झाली. त्या निमित्ताने भरलेल्या प्रदर्शनाने बंदुका घेतलेल्यांकडे न पाहता लपलेल्यांकडे पाहिले. एप्रिल १९४३ मध्ये घेट्टोत सुमारे ५०,००० माणसे उरली होती. लढणारे काही शे. बाकीच्यांनी तळघरांत, जमिनीखाली खणलेल्या खोल्यांत दडून राहून हुकूम मोडला: बाहेर या म्हटले आणि ते आले नाहीत. वर घरे जळत होती; खाली हवा तापत होती, पाणी संपत होते, रडणाऱ्या मुलाला गप्प करावे लागत होते. बार्बरा एंगेलकिंग या इतिहासकार स्त्रीने मांडलेल्या या प्रदर्शनात त्या माणसांच्या दैनंदिन्या आणि आठवणी होत्या. शस्त्र न उचलता केलेल्या प्रतिकाराला त्यात उठावाचा मान मिळाला, जो त्याला फार पूर्वीच मिळायला हवा होता.

तयारी चालू असताना एक विलक्षण गोष्ट घडली. झ्बिग्निएव लेशेक ग्झिवाचेव्स्की हा वॉर्साच्या अग्निशमन दलातला तरुण. घेट्टोतली आग भिंतीपलीकडच्या पोलिश वस्तीत पसरू नये म्हणून जर्मनांनी या दलाला आत नेले होते. त्याने लपवून कॅमेरा नेला. त्याच्या काही छायाचित्रांच्या प्रती पूर्वीपासून ज्ञात होत्या. मूळ फिल्म कुठे आहे ते कोणाला माहीत नव्हते. संग्रहालयाने विचारणा केल्यावर कुटुंबाने घरातली खोकी उघडून पाहिली आणि फिल्म सापडली. त्यावर घेट्टोची तीसहून अधिक दृश्ये. काही धूसर, काहींत खिडकीची चौकट किंवा कोणाचा तरी खांदा आड आलेला, कारण चोरून टिपलेली. रस्त्याने नेली जाणारी माणसे, छतावर बसलेले अग्निशामक, धूर. उठावाची जी छायाचित्रे जगाला पाठ आहेत, हात वर केलेल्या मुलाचे धरून, ती जर्मनांनी विजयाचा अहवाल सजवण्यासाठी काढलेली. मारणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेली. ही मात्र धोका पत्करून काढलेली. म्हणून त्यांतला धूसरपणाही जपून ठेवण्यासारखा आहे.

पोलिनचा सर्वांत मोठा कार्यक्रम मात्र इमारतीत होतच नाही. मारेक एडेलमान हे उठावाच्या नेत्यांपैकी सर्वांत उशिरापर्यंत हयात राहिलेले. युद्धानंतर ते वुच शहरात हृदयरोगतज्ज्ञ झाले. दर १९ एप्रिलला त्यांच्याकडे कोणीतरी निनावी पिवळ्या फुलांचा गुच्छ पाठवी, आणि ते स्मारकाशी पिवळी फुले वाहत, बहुधा डॅफोडिलची. २००९ साली ते वारले. २०१३ पासून त्या दिवशी स्वयंसेवक वॉर्साच्या रस्त्यांवर कागदी डॅफोडिल वाटतात. पातळ कागद, घडी घातलेली; कोटाला टाचली की फुलते आणि आकार सहा टोकांच्या ताऱ्यासारखा दिसतो. पहिल्या वर्षी सुमारे ५०,००० फुले वाटली गेली. आता ती लाखांत जातात, देशभरच्या शाळा आणि वाचनालये सामील होतात. दुपारी बाराला शहरात भोंगे वाजतात. ट्राममधून कामावर जाणारा माणूस ते फूल लावून जातो, कचेरीत कोणी विचारते हे काय, आणि त्याला उत्तर द्यावे लागते. संग्रहालयाला हवे असते ते हेच.

ज्यांना राजधानीत येणे जमत नाही त्यांच्याकडे संग्रहालयच जाते. २०१४ पासून ‘चाकांवरचे संग्रहालय’ नावाचे फिरते दालन छोट्या गावांत जाते. चौकात ते उघडले जाते, आत गावातल्या ज्यूंच्या जीवनाची ओळख. सोबत कार्यशाळा, चित्रपट, आणि स्थानिक शिक्षक किंवा ग्रंथपाल यांनी काढलेली पायी फेरी: इथे सिनेगॉग होता, तिथे शाळा, या दुकानाचा मालक अमुक. गावात आज एकही ज्यू नसतो. फेरीत चालणारे सगळे नंतर आलेले किंवा नंतर जन्मलेले. अशा गावांत कबरस्ताने साफ करणाऱ्या, दगडांवरची नावे वाचायला स्वतः हिब्रू शिकलेल्या माणसांना पोलिन दरवर्षी पुरस्कारही देते. हे काम वर्तमानपत्रांत फारसे येत नाही, पण वॉर्सातल्या कोणत्याही उद्घाटनापेक्षा त्याचे वजन जास्त आहे.

मराठी वाचकाला ज्यू म्हटले की कोकण आठवते: नवगाव, अलिबाग, घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, मुंबईतले १७९६ सालचे शार हरहमीम, पुण्याचे लाल देऊळ, मराठीतली कीर्तने. या आठवणीत छळ नाही. आणि पोलंड म्हटले की कोल्हापूरजवळचे वळिवडे आठवते, जिथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. तेही बहुतेक कॅथलिक. त्यामुळे या दोन्ही ओळखींच्या आधाराने वॉर्साकडे पाहू गेले तर अंदाज चुकतो. जास्त जवळचा धागा वेगळाच आहे. बालशिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांनी घेट्टोतल्या आपल्या अनाथाश्रमात १८ जुलै १९४२ रोजी मुलांकडून रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ बसवून घेतले होते. खोलीत कोंडलेला आजारी मुलगा राजाच्या पत्राची वाट पाहतो, ते नाटक. तीन आठवड्यांच्या आत कोर्चाक आणि सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाला नेण्यात आले. पोलिनमध्ये लहान मुलांसाठी एक खोली आहे, तिला कोर्चाक यांच्याच कथेतल्या बालराजाचे, माचुशचे नाव दिले आहे. मुले तिथे खेळतात, नियम ठरवतात, चित्रे काढतात. २०२२ मध्ये युक्रेनमधून आयांसोबत पळून आलेल्या मुलांसाठीही संग्रहालयाने उपक्रम सुरू केले.

अलीकडच्या दोन प्रदर्शनांनी प्रश्न आणखी घराजवळ आणला. २०२४ मध्ये किर्शेनब्लाट-गिम्ब्लेट यांच्या वडिलांची, मायेर किर्शेनब्लाट यांची चित्रे लागली. ओपातुव गावात जन्मलेले मायेर १९३४ साली कॅनडाला गेले, रंगाचे दुकान चालवले, आणि ७३ व्या वर्षी मुलीच्या आग्रहाने पहिल्यांदा चित्र काढायला बसले. बाजार, शाळा, लग्न, चोर, घोडे, आईचे स्वयंपाकघर असे सारे गाव त्यांनी आठवणीतून कॅनव्हासवर उतरवले. चित्रांसोबत संग्रहालयाने आजच्या ओपातुवलाही विचारले की त्या घरांचे, भांड्यांचे, कबरींच्या दगडांचे पुढे काय झाले. २०२५ मध्ये युद्ध संपल्याला ८० वर्षे झाली तेव्हा प्रदर्शन भरले ते वाचलेल्यांच्या १९४५ वर. गावी परतलेल्या माणसाला आपल्या घरात दुसरे कुटुंब राहताना दिसे. नातेवाइकांची नावे तो भिंतीवर चिकटवलेल्या याद्यांत शोधी. थांबायचे की निघून जायचे हे ठरवायला हाताशी फार वेळ नसे, कारण मारहाण आणि खून चालूच होते. ४ जुलै १९४६ रोजी किएल्त्से शहरात जमावाने चाळीसहून अधिक ज्यूंना ठार केले, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत हजारो जण सीमा ओलांडून गेले. जे थांबले, त्यांतल्या कित्येकांची मुले पुढे १९६८ साली ग्दान्स्का स्थानकावर उभी होती. संग्रहालयाची १९६८ वरचे आणि १९४५ वरचे ही दोन प्रदर्शने, सात वर्षांच्या अंतराने भरलेली, एकत्र वाचली तर एकाच कुटुंबाच्या दोन पिढ्यांची कहाणी समोर येते, आणि या संकलनाची सुरुवात तिथूनच केली आहे.